ॲपची टॅक्सी, सरकारचा मीटर

मे २०२५ पासून पुण्यात कॅबने फिरणाऱ्यांना एक नवाच अनुभव येऊ लागला. ॲपवर गाडी बुक करायची, ओटीपी सांगायचा, गाडी मुक्कामाला पोचायची आणि मग ड्रायव्हर मोबाइलवर भलतंच पान उघडून दाखवायचा. ॲपवरचं भाडं विसरा, किती किलोमीटर झाले ते इथे टाका आणि जो आकडा येईल तो द्या. त्या पानाचं नाव ‘ओन्ली मीटर’. त्यामागचा दर कुठल्या युनियनने मनाने ठरवलेला नव्हता. पुण्याच्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने, म्हणजे जिल्हाधिकारी ज्याचे अध्यक्ष असतात त्या सरकारी समितीने, तो १ जानेवारी २०२४ पासून एसी कॅबसाठी लागू केला होता. पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये, पुढच्या प्रत्येक किलोमीटरला २५. दहा किलोमीटरचा हिशोब मांडला तर २५० रुपयांच्या आसपास जातो. ॲपवर तीच फेरी स्वस्त दिसायची, कधी कधी बरीच स्वस्त.

प्रवासी म्हणतो, मला जो आकडा दाखवला तो बघून मी गाडी बोलावली, आता वरचे पैसे कशाचे? ड्रायव्हर म्हणतो, सरकारने दर ठरवून दिलाय, तो मागितला तर माझं काय चुकलं? कंपनी म्हणते, प्रवाशाकडून जादा पैसे घ्या असं आम्ही कुणालाच सांगितलेलं नाही. गंमत म्हणजे तिघांचंही आपापल्या जागी चुकत नाही. एकाच गाडीच्या एकाच फेरीला दोन भाडी लागू होती आणि दोन्हींना कुठला ना कुठला आधार होता. असं कसं होऊ शकतं, हे कळायला थोडं मागं जावं लागेल.

तंत्रज्ञान पुढे धावतं आणि कायदा धापा टाकत मागून येतो, असं आपण नेहमी ऐकतो. ॲप-टॅक्सीची कहाणी नीट पाहिली तर ते काही खरं वाटत नाही. इथे धंदा उभा राहिला तोच मुळी कायद्याच्या फटीवर. फट बुजवायला कायदा आला तेव्हा धंद्याने आपला आकार बदलला. आणि ही फट किती वर्षं उघडी ठेवायची हे राजकारणाने ठरवलं.

पिवळी प्लेट, दोन प्रकारची

आपल्याकडे भाड्याने माणसं वाहून न्यायची तर गाडीला परवाना लागतो. १९८८चा मोटार वाहन कायदा त्याचा पाया. भाडं किती घ्यायचं हे ठरवण्याचा अधिकार याच कायद्याने राज्य सरकारला दिला आहे. काळीपिवळी टॅक्सी आणि रिक्षा या चौकटीत चालतात. गाडीला परवाना, ड्रायव्हरला बॅज, भाडं मीटरप्रमाणे, आणि मीटरचा दर परिवहन प्राधिकरण ठरवणार. मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आणि टॅक्सीचं ३१ झालं, तेही असंच ठरलं. रिक्षावाल्याला मनात आलं म्हणून दुप्पट मागता येत नाही. निदान कायद्याने तरी नाही.

पिवळ्या प्लेटची दुसरी एक जात असते, टूरिस्ट परवान्याची. आपण शिर्डीला किंवा महाबळेश्वरला जायला गाडी ठरवतो ती ही. तिला मीटर नसतो. गाडी आधी ठरवायची आणि भाडं दोघांनी बोलून ठरवायचं. रस्त्यात हात दाखवला म्हणून थांबून प्रवासी घ्यायचा नाही, एवढीच तिची मर्यादा.

ओला सुरू झाली ती मुंबईत, २०१० साली, पवईच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या दोन मुलांच्या हातून. उबर २०१३ साली भारतात आली. दोन्ही कंपन्यांच्या गाड्या शहरात धावू लागल्या त्या बहुतांश या टूरिस्ट परवान्यावर. युक्तिवाद साधा होता. प्रवाशाने हात कुठे दाखवला? त्याने तर मोबाइलवर आधीच गाडी ठरवली. ठरवली म्हणजे करार झाला, आणि करार झाला म्हणजे भाडं आपसातलं. तीन मिनिटांनी दारात येणारी गाडी कायद्याच्या लेखी महाबळेश्वरला निघालेल्या गाडीच्या पंगतीत जाऊन बसली. त्यामुळे काळीपिवळीला लागू असलेला दर तिला लागू झाला नाही. सुरुवातीच्या काळात गुंतवणूकदारांच्या पैशातून प्रवाशाला सूट आणि ड्रायव्हरला बोनस देता आला तो यामुळेच. पाऊस पडला की भाडं दीडपट-दुप्पट करता आलं तेही यामुळेच. यातली हुशारी आधी कायदा वाचण्याची होती आणि मग कोड लिहिण्याची, असं मला वाटतं.

ही कंपनी आहे तरी कोण?

सगळ्या भांडणाच्या मुळाशी हा एक प्रश्न आहे, आणि जगभर तो विचारला गेला आहे. कंपनी सांगते, आम्ही टॅक्सीवाले नाही. आमच्या मालकीची एकही गाडी नाही, एकही ड्रायव्हर आमच्या नोकरीत नाही. आम्ही फक्त गाठ घालून देतो. म्हणजे वधूवर सूचक मंडळासारखं: स्थळ सुचवलं, पुढचं तुमचं तुम्ही बघा. अडचण एवढीच की हे मंडळ हुंडाही ठरवतं, मुलगा कोणता ते तुम्हाला विचारत नाही, जेवणाचे पैसे स्वतःकडे जमा करून घेतं आणि मुलगा दोनदा नाही म्हणाला तर त्याचं नाव वहीतून काढून टाकतं.

बार्सिलोनाच्या टॅक्सीचालकांच्या संघटनेने हा प्रश्न न्यायालयात नेला. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २० डिसेंबर २०१७ रोजी सांगितलं की उबर जी सेवा देते ती वाहतुकीची सेवा आहे आणि तिला वाहतुकीचेच नियम लावता येतील. फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन म्हटलं की उबरचे ड्रायव्हर हे स्वतंत्र धंदेवाले नसून कामगार आहेत, म्हणजे किमान वेतन आणि भरपगारी रजा त्यांना लागू. दोन्ही निकालांत न्यायाधीशांनी करारावर काय लिहिलंय यापेक्षा प्रत्यक्षात दोरी कुणाच्या हातात आहे ते पाहिलं. भाडं कोण ठरवतं, गाडी कुणाला द्यायची ते कोण ठरवतं, काम कोण बंद करू शकतं.

भारताने तिसरी वाट धरली. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि ‘ॲग्रीगेटर’ नावाचा एक नवा प्राणी कायद्यात आला. प्रवासी आणि चालक यांची गाठ घालून देणारा डिजिटल मध्यस्थ, अशी त्याची व्याख्या. म्हणजे गाठ घालून देण्याचं कंपनीचं म्हणणं मान्य केलं, पण त्यासाठीही राज्य सरकारचा परवाना लागेल असं कलम ९३ मध्ये घातलं. परवाना नसेल तर किमान २५ हजार आणि कमाल एक लाख रुपये दंड. कोट्यवधींची उलाढाल असलेल्या कंपनीला एक लाखाचा दंड म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०२० मध्ये, केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या. गर्दीच्या वेळी भाडं मूळ दराच्या दीडपटीपर्यंतच वाढवता येईल, भाड्याचे किमान ८० टक्के ड्रायव्हरला मिळावेत, दिवसाला बारा तासांपेक्षा जास्त गाडी चालवू देऊ नये, वगैरे. सूचना चांगल्या होत्या. पण परवाना द्यायचा राज्याने आणि केंद्राच्या सूचना पाळायच्याच अशी सक्ती राज्यावर नाही. वाहतुकीचं कुलूप दिल्लीत बनलं आणि किल्ली राज्यांकडे राहिली.

‘जैसे थे’ कुणाच्या फायद्याचं?

महाराष्ट्राने या किल्लीचं काय केलं ते पाहू. मार्च २०१७ मध्ये राज्याने ‘सिटी टॅक्सी’चे नियम काढले होते, म्हणजे केंद्राच्याही आधी. त्यांना न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि ते कधी नीट अमलात आलेच नाहीत. २०१९ ची दुरुस्ती आली, २०२० च्या सूचना आल्या, राज्याचे नवे नियम मात्र आले नाहीत. दरम्यान ॲपवर तक्रार करायची सोय धड नाही म्हणून एका महिला वकिलाने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. तिच्या सुनावणीत असं बाहेर आलं की राज्यात या कंपन्या कायद्याने लागणाऱ्या परवान्याशिवायच चालल्या आहेत. मार्च २०२२ मध्ये न्यायालयाने कंपन्यांना १६ मार्चपर्यंत परवान्यासाठी अर्ज करायला सांगितलं आणि राज्याचे नियम होईपर्यंत केंद्राच्या सूचना लागू धरल्या. सेवा मात्र बंद केली नाही, कारण लाखो प्रवाशांची पंचाईत झाली असती. एप्रिलमध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथे आदेश झाला ‘जैसे थे’चा.

इथे जरा थांबायला हवं, कारण या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं शस्त्र हे ‘जैसे थे’ आहे. कंपनीला मिळालं असेल तर तिची गाडी चालू राहते, दर महिन्याला ग्राहक वाढतात आणि पुढच्या तारखेला तिचा वकील सांगू शकतो की आता एवढे लोक आमच्यावर अवलंबून आहेत, बंद कसं करणार? सरकारलाही ते सोयीचं असतं. निर्णय घेतला की कुणीतरी नाराज होतं. नाही घेतला तर प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याचं सांगता येतं. वाट बघण्याची किंमत पडते ती ड्रायव्हरच्या हप्त्यावर. कर्ज काढून घेतलेल्या गाडीचा हप्ता ‘जैसे थे’ राहत नाही, तो दर महिन्याच्या पाच तारखेला येतोच.

आधी रस्त्यावर उतरायचं आणि मग परवानगीचं बोलायचं, ही पद्धत काही भारतात जन्मली नाही. जुलै २०२२ मध्ये उबरची २०१३ ते २०१७ या काळातली सव्वा लाखाच्या घरातली अंतर्गत कागदपत्रं जगभरातल्या पत्रकारांनी उघड केली. सरकारी धाड पडली की कार्यालयातले संगणक लांबूनच बंद करण्याची व्यवस्था कंपनीने ठेवली होती, आणि नियम आपल्या बाजूने वळवण्यासाठी निरनिराळ्या देशांतल्या नेत्यांशी संधान बांधलं होतं, हे त्यांतून समोर आलं. ते दिवस जुन्या नेतृत्वाचे होते, असं कंपनीने त्यावर सांगितलं. असेल. पण त्या दिवसांत मिळवलेला बाजार नव्या नेतृत्वाने परत केला, असं काही वाचनात आलं नाही.

दुचाकीची गोष्ट

राजकारण यात नेमकं कसं शिरतं ते पाहायचं तर बाइक टॅक्सीचं प्रकरण पाहावं. रॅपिडो या कंपनीने पांढऱ्या प्लेटच्या, म्हणजे खासगी, दुचाकी ॲपवर आणल्या. पोराची बाइक, त्याचं पेट्रोल, मागच्या सीटवर प्रवासी. भाडं रिक्षाहून कमी आणि ट्रॅफिकमधून वाट काढायची सोय. पुण्यात हे चाललंही जोरात. रिक्षावाल्यांच्या पोटावर थेट पाय आला. त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. आम्ही परवाना घ्यायचा, बॅज काढायचा, ठरावीक काळाने पासिंग करायचं, प्रवासी विमा भरायचा, आणि हा काहीही न करता आमचंच गिऱ्हाईक नेणार?

२८ नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यातले रिक्षाचालक संपावर गेले. ‘बघतोय रिक्षावाला’ ही संघटना त्यात पुढे होती आणि आरटीओच्या परिसरात रिक्षांच्या रांगा लागल्या होत्या. पुढे काय झालं ते तारखांसकट बघण्यासारखं आहे. २१ डिसेंबरला पुणे आरटीओने रॅपिडोचा परवान्याचा अर्ज फेटाळला. राज्यात बाइक टॅक्सीचं धोरणच नाही, मग परवाना कशाच्या आधारावर द्यायचा, हा त्यातला एक मुद्दा. कंपनी उच्च न्यायालयात गेली. १३ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने परवाना नाही तर सेवा थांबवा असं सुनावलं, आणि त्यात दुचाकीबरोबर तिची रिक्षा व पार्सल सेवाही आली. १९ जानेवारीला सरकारने अधिसूचना काढून खासगी वाहनं अशा ॲपवर प्रवासी वाहतुकीसाठी वापरायला बंदी केली. २० तारखेला याचिका फेटाळली गेली. ७ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयानेही दिलासा नाकारला. वर्षानुवर्षं न हललेला कागद संपानंतर दोन महिन्यांत हलला होता. तेव्हाचे मुख्यमंत्री स्वतः एके काळी ठाण्यात रिक्षा चालवत, ही माहिती सगळ्यांना आहेच. तिचा या निर्णयाशी संबंध जोडायचं मला कारण नाही. पण रिक्षाचालक हा महाराष्ट्रातल्या शहरी राजकारणात ओळखीचा, संघटित आणि स्टँडवर एकगठ्ठा भेटणारा मतदार आहे. ॲपवर बाइक चालवणाऱ्या कॉलेजातल्या पोराचा स्टँड नसतो, युनियन नसते, त्याच्या नावाचा फलकही चौकात लागत नाही.

बाइक टॅक्सी म्हणजे काही आभाळातून पडलेली कल्पना नव्हती. शेजारच्या गोव्यात पिवळ्या-काळ्या रंगाच्या मोटारसायकली चालवणारे ‘पायलट’ कित्येक दशकं परवाना घेऊन प्रवासी नेत आहेत. मडगाव स्टेशनबाहेर उतरलेल्या कुणालाही ते ठाऊक आहे. त्याच गोव्यात ओला-उबरला मात्र पाय रोवता आले नाहीत, कारण तिथला टॅक्सीवाला हा मतदारसंघ म्हणून मुंबईतल्यापेक्षाही वजनदार आहे. २०१८ साली सरकारी पर्यटन महामंडळाच्या आशीर्वादाने ‘गोवामाइल्स’ हे ॲप आलं तर त्यालाही टॅक्सीवाल्यांनी कडाडून विरोध केला. २०२५ च्या मे महिन्यात सरकारने ॲग्रीगेटरसाठी मसुदा काढला तेव्हा पुन्हा तेच.

महाराष्ट्रात बंदीनंतर समिती बसली, अहवाल आला, आणि १ एप्रिल २०२५ रोजी मंत्रिमंडळाने बाइक टॅक्सीला मान्यता दिली. मात्र बाइक फक्त विजेवर चालणारी. शहर एक लाखाहून जास्त वस्तीचं. फेरी जास्तीत जास्त १५ किलोमीटर. आणि परवाना मागणाऱ्याकडे किमान ५० बाइकचा ताफा. या शेवटच्या अटीकडे लक्ष द्या. एखाद्या पोराने स्वतःची ई-बाइक घेऊन एकट्याने आरटीओत जाऊन परवाना मागावा, अशी सोयच यात नाही. त्याला कुणाच्या तरी ताफ्यात जावंच लागेल. रिक्षाचा परवाना माणसाला मिळतो, बाइक टॅक्सीचा कंपनीला. धंदा कुणाचा होणार हे अशा एका ओळीत ठरून जातं आणि त्यावर चर्चा होत नाही. चर्चा होते ती हेल्मेटवर.

नियम कागदावर येत असताना रस्त्यावर पेट्रोलच्या बाइक धावतच होत्या. जुलै २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी दुसऱ्याच नावाने ॲपवर बाइक बोलावली आणि ती थेट मंत्रालयापाशी येऊन उभी राहिली. मंत्र्यांनी त्या पोराच्या हातावर ५०० रुपये ठेवले आणि गरिबावर गुन्हा दाखल करून काय होणार, यामागच्या मोठ्यांना धडा शिकवायला हवा, अशा अर्थाचं ते बोलले. व्हिडिओ सगळीकडे फिरला. ज्या सेवेला परवाना नाही ती राज्याच्या मंत्रालयाच्या दारात काही मिनिटांत हजर होते, यातच सगळं आलं. पुढे सप्टेंबरमध्ये ई-बाइकचा दर ठरला: पहिल्या दीड किलोमीटरला १५ रुपये, पुढे किलोमीटरला १० रुपये २७ पैसे. कंपन्यांना तात्पुरते परवानेही मिळाले.

कमिशन गेलं कुठे?

आता जरा रुक्ष, पण माझ्या मते सगळ्यात मजेशीर भागाकडे येऊ. हा भाग जीएसटीचा आहे.

रस्त्यावर हात करून थांबवलेल्या रिक्षावर जीएसटी नाही. १ जानेवारी २०२२ पासून तीच रिक्षा ॲपवरून बोलावली तर भाड्यावर ५ टक्के कर लागू झाला, आणि तो भरायची जबाबदारी ॲप कंपनीवर आली. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, पण एप्रिल २०२३ मध्ये हा कर वैध ठरला. १०० रुपयांच्या फेरीत पाच रुपये म्हणजे कमिशनच्या धंद्यात लहान रक्कम नव्हे.

मग धंद्याने कूस बदलली. बंगळूरमध्ये ‘नम्मा यात्री’ नावाचं ॲप कमिशन घेतच नव्हतं. रिक्षाचालकाकडून ठरावीक वर्गणी घ्यायची आणि भाडं सगळं त्याचं. आम्ही प्रवास विकत नाही, सॉफ्टवेअर वापरायला देतो, असं त्यांचं म्हणणं. कर कुणाला लागू होईल हे अर्जदाराला आधीच सांगणाऱ्या कर्नाटकातल्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाने २०२३ मध्ये ते मान्य केलं: भाड्यावरचा कर भरायची जबाबदारी यांची नाही. रॅपिडो त्याच वाटेने गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये उबरनेही रिक्षासाठी कमिशन बंद करून वर्गणी सुरू केली. गंमत अशी की त्याच कर्नाटकातल्या त्याच प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये उबरला उलट सांगितलं होतं, की वर्गणी घेतली तरी कर तुम्हीच भरायचा. एकच पद्धत, एकच राज्य आणि दोन उत्तरं.

प्रवाशाला हा बदल मोबाइलच्या पडद्यावर दिसतो. रिक्षा बुक केली की सूचना येते की पैसे थेट चालकाला द्या, रोख किंवा त्याच्या यूपीआयवर. दाखवलेलं भाडं हे फक्त सुचवलेलं आहे, नक्की किती ते चालकाशी ठरवा. ‘वरचे वीस द्या साहेब’ म्हटल्यावर तक्रार करायला जावं तर कंपनी म्हणते भाडं हा तुमचा आपसातला मामला. जादा पैसे मागणारा रिक्षावाला आपल्याला उद्धट वाटतो. पण तो कराराप्रमाणे वागतोय, आणि तो करार करविषयक एका कलमामुळे लिहिला गेला आहे.

ड्रायव्हरच्या बाजूने पाहिलं तर या बदलात वाईट फारसं नाही. कमिशनचा जाच गेला. दिवसाची वर्गणी भरली की कमाई आपली. मात्र भाडं कमी मिळालं, गिऱ्हाईक नाही मिळालं, तरी वर्गणी द्यायचीच. धंद्यातली जोखीम कंपनीच्या खिशातून निघून हळूच चालकाच्या खिशात गेली.

मत मागायला येणारी कंपनी

कायदा आवडला नाही तर कंपनी काय करू शकते, याचं टोकाचं उदाहरण कॅलिफोर्नियात आहे. तिथे २०२० च्या सुरुवातीपासून लागू झालेल्या कायद्यामुळे ॲपवरच्या ड्रायव्हरांना कर्मचारी मानावं लागण्याची वेळ आली. उबर, लिफ्ट आणि आणखी काही कंपन्यांनी मिळून २० कोटी डॉलरहून जास्त खर्च केला आणि आपल्याला त्यातून वगळणारा प्रस्ताव त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये थेट मतदानाला ठेवला. प्रस्ताव मंजूर झाला, आणि जुलै २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

आपल्याकडे असं सार्वमत नसतं, निवडणुकीचं वेळापत्रक असतं. राजस्थानने जुलै २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी, म्हणजे नोकरीवर नसलेल्या आणि ॲपवरून कामापुरतं काम मिळणाऱ्यांसाठी, देशातला पहिला कायदा केला, विधानसभा निवडणुकीच्या चार महिने आधी. निवडणुकीत सरकार बदललं आणि कायदा अंमलबजावणीवाचून अडकला. महाराष्ट्रात धर्मवीर आनंद दिघे यांच्या नावाने चालकांसाठी कल्याणकारी मंडळ झालं, ते ऑटोरिक्षा आणि मीटर टॅक्सी चालकांचं. नावातच मीटर आहे. ॲपवर कॅब चालवणारा त्याच सिग्नलला, त्याच उन्हात उभा असतो, पण त्याच्या गाडीत मीटर नाही.

जुलै २०२५ मध्ये हेच ॲप-कॅबवाले संप करून आझाद मैदानात जमले. काळीपिवळीएवढा दर आम्हालाही द्या, ही मुख्य मागणी. राज्याने मे महिन्यातच ॲग्रीगेटर धोरणाचा शासन निर्णय काढला होता. दुरुस्ती २०१९ ची, धोरण २०२५ चं. त्यानुसार सप्टेंबरमध्ये मुंबईसाठी दर आला: किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे. हा आकडा कुठून आला ते सोपं आहे. काळीपिवळीचे ३१ रुपये भागिले दीड किलोमीटर म्हणजे २० रुपये ६६ पैसे, त्यावर एसीचे दहा टक्के. गर्दीच्या वेळी हा दर दीडपटीपर्यंत नेता येईल, म्हणजे ३४ रुपये. मागणी नसताना २५ टक्क्यांपर्यंत सूट देता येईल, म्हणजे १७ रुपये. त्याखाली जायचं नाही. ड्रायव्हरने स्वीकारलेली फेरी रद्द केली तर भाड्याच्या दहा टक्के किंवा १०० रुपये, यातलं जे कमी ते त्याच्याकडून जाणार. प्रवाशाने केली तर पाच टक्के किंवा ५० रुपये. केंद्राने मात्र १ जुलै २०२५ च्या नव्या सूचनांमध्ये गर्दीच्या वेळची मर्यादा मूळ दराच्या दुपटीपर्यंत नेली. म्हणजे दिल्ली म्हणते दुप्पट चालेल, मुंबई म्हणते दीडपटच. वाहतुकीचा परवाना राज्याचा असल्यामुळे इथे मुंबईचं चालणार.

पुण्याच्या त्या दोन भाड्यांचं कोडंही इथेच सुटतं. चालक मागतोय ते प्राधिकरणाने गाडीसाठी ठरवलेलं भाडं. ॲप दाखवतंय ते प्रवासी आणि मध्यस्थ यांच्यातल्या कराराचं. मार्च २०२४ मध्ये पुण्याच्या प्राधिकरणाने ओला आणि उबर यांचे कॅबसाठीचे अर्ज नाकारले होते, आणि अशा नकारावर राज्य परिवहन अपील न्यायाधिकरणाकडे जाता येतं. मध्यस्थालाच पक्का परवाना नसेल तर त्याला गाडीचा दर पाळायला कोणत्या अटीखाली लावायचं? परवान्यात अटी घालता येतात, पण परवानाच नसेल तर अटी घालायच्या कशावर?

आणखी एक गाठ पुढे येऊन ठेपली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात गिग कामगारांसाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम निधीत भरायची तरतूद आहे. त्याला वरची मर्यादा अशी की कंपनी या कामगारांना जेवढे पैसे देते त्याच्या पाच टक्क्यांहून जास्त भरावं लागू नये. कमिशनच्या जमान्यात हा हिशोब सोपा होता. प्रवाशाचे पैसे कंपनीकडे यायचे आणि तिथून ड्रायव्हरला जायचे. वर्गणीच्या पद्धतीत पैसे उलट्या दिशेने जातात. प्रवासी थेट चालकाला देतो आणि चालक कंपनीला. उलाढाल म्हणजे फक्त वर्गणी, आणि कंपनी चालकाला देते शून्य रुपये. शून्याचे पाच टक्के किती, हे सांगायला सनदी लेखापाल लागत नाही. संहिता लिहिली गेली २०२० साली, वर्गणीची लाट आली नंतर. कंपनीचा वकील हा हिशोब न्यायालयात कधी मांडतो आणि सरकारी वकील त्याला काय उत्तर देतो, तेवढं आता पाहायचं.